ओल धरलेली भिंत घरच्या घरी दुरुस्त करून रंगवायची, तर कामाचा क्रम असा ठेवा

दिवाळीला रंगवलेल्या भिंतीला जुलैत फुगे येतात, ऑगस्टमध्ये पोपडे पडतात आणि गणपतीला घरी आलेले पाहुणे विचारतात, "कुठल्या कंपनीचा रंग मारला होता?" रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो. पाणी यायची वाट तशीच सोडून, किंवा भिंत आतून ओली असताना घाईने लांबी (म्हणजे पुट्टी) फिरवून वर रंग मारलेला असतो. मग महागातला रंगही टिकत नाही. उलट रंग जितका गुळगुळीत आणि धुण्याजोगा, तितका तो आतली वाफ अडवतो आणि लवकर फुगतो.

खाली दिलेला क्रम एका खोलीतल्या एक-दोन भिंतींसाठी आहे. वीट-सिमेंटचं बांधकाम आणि आतून गिलावा, असं साधं फ्लॅटचं किंवा बैठं घर डोळ्यासमोर ठेवलं आहे.

आधी हे बघा: कोणतं काम तुमचं नाही

छताचं काँक्रीट सुटून गंजलेला गज दिसत असेल, तर त्यावर सिमेंट थापू नका. गज गंजला की फुगतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच करायचं. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी तिरकी चढत जाणारी आणि रुंदावणारी भेग असेल, तरीही तेच. ओल स्विचबोर्डापर्यंत पोचली असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, पहिल्या मजल्याच्या वरचं कोणतंही काम शिडी लावून किंवा खिडकीतून वाकून करू नका.

सोसायटीत राहत असाल तर आणखी एक गोष्ट. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि सामाईक पाइपांची गळती यांची दुरुस्ती महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार संस्थेच्या खर्चाने व्हायची असते. वरच्या फ्लॅटच्या संडास-बाथरूममधली गळती त्या सभासदाची. आतून रंगकाम काढण्याआधी सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या.

## टप्पा १: पाणी कुठून येतंय ते पक्कं करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीचे टप्पे हाताने करायचे, हा डोक्याने. ओल दिसते तिथेच पाणी शिरतं असं नसतं. स्लॅबच्या वर शिरलेलं पाणी तुळईच्या कडेने दोन-तीन फूट सरकूनही खाली उतरतं.

ओल कधी वाढते? पाऊस लागला की वाढते आणि उघडीप मिळाली की फिकी पडते, म्हणजे पाणी बाहेरून येतंय. बारा महिने सारखीच असेल, तर आतल्या पाइपवर किंवा शेजारच्या बाथरूमवर संशय घ्या. फरशीपासून साधारण तीन फुटांपर्यंतच भिंत खराब, वर कोरडी आणि घर तळमजल्यावर, तर ती जमिनीतून चढणारी ओल. आणि थंडीत कपाटामागे, कोपऱ्यात नुसती काळी बुरशी दिसते पण गिलावा टणक आहे, तर बहुधा खोलीतलीच वाफ गार भिंतीवर बसते आहे. त्याला हवा खेळती करणं पुरतं, भिंत फोडायची गरज नसते.

प्लास्टिकची चाचणी. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा ओलसर भागावर ठेवून चारही कडा टेपने बंद करा. दोन दिवस राहू द्या. भिंतीच्या बाजूने पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूने दिसले तर हवेतली. हीच चाचणी पुढे पुन्हा लागणार आहे, तेव्हा तुकडा जपून ठेवा.

पाइपची चाचणी. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, किंवा टाकीतल्या पाण्याच्या पातळीला खूण करा. रात्रभर कुणी पाणी वापरलं नाही आणि तरी सकाळी आकडा पुढे गेला किंवा पातळी उतरली, तर कुठेतरी गळतंय.

बाथरूमची चाचणी. नहाणीची जाळी काढून ट्रॅपमध्ये (पाणी निघून जायच्या तोंडात) प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा. फरशीवर इंचभर पाणी साठवा, त्यात खायचा रंग टाका आणि २४ तास थांबा. पलीकडच्या भिंतीची किंवा खालच्या छताची ओल वाढली, तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. वरचा फ्लॅट दुसऱ्याचा असेल तर हे त्यांच्यासमोर करा. वाद निम्म्याने कमी होतात.

खिडकी नीट बघा. खिडकीखालच्या ओलीचं कारण अनेकदा भिंतीत नसतंच. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायला छोटी भोकं असतात. ती धुळीने, मेलेल्या किड्यांनी, कधीकधी तर आधीच्या रंगाऱ्याच्या लांबीने बुजतात. पट्टी भरली की पाणी आत ओसंडतं. टाचणीने भोकं मोकळी करा, तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतंय ना ते बघा. एवढ्याने काम झालं तर पुढचा टप्पा वाचतो.

*इशारा:* कारण सापडलं नसेल तर इथेच थांबा. "तूर्त रंगवून घेऊ, पुढच्या वर्षी बघू" यात पुढच्या वर्षीचा खर्च दुप्पट होतो.

## टप्पा २: वाट बंद करा, आणि ज्या बाजूने पाणी येतं त्या बाजूने

आतून "डॅम्प प्रूफ" लेप मारून बाहेरचं पाणी थांबत नाही. लेपाच्या मागे पाणी साठतं आणि लेप संपतो तिथून, नाहीतर शेजारच्या खोलीत निघतं. आतले लेप हे शेवटचा हात म्हणून ठीक. तो उपाय नव्हे.

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातली फट असेल तर जुनं सीलंट पूर्ण खरवडून काढा, जागा कोरडी करा आणि न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. जुन्यावर नवीन भरलं की पहिल्याच पावसात सुटतं. सिलिकॉनवर रंग चढत नाही. ज्या बाजूला रंगवायचं आहे तिथे ॲक्रिलिक किंवा पीयू सीलंट वापरा.

बाथरूमच्या फरशीचे सांधे गेले असतील तर ते टोकदार हत्याराने दोन-तीन मिलिमीटर खोल मोकळे करून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा, पाणी न शोषणारा माल) भरा. ट्रॅपभोवतीचा सांधा विसरू नका, बहुतेक गळती तिथूनच असते. ग्राउटिंगनेही थांबलं नाही तर फरशी काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावं लागेल. ते काम कारागिराचं.

तळमजल्यावर जमिनीतली ओल असेल तर आधी बाहेर जाऊन बघा. भिंतीला लागून माती चढली आहे का? नंतर घातलेल्या पेव्हर ब्लॉकमुळे अंगण जोत्याच्या वर गेलंय का? कुंड्यांची रांग भिंतीला टेकून आहे का? माती जोत्याखाली आणा, उतार भिंतीपासून लांब करा. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जुन्या घरांना एक वेगळा सल्ला: त्या दगडाला छिद्रं भरपूर असतात, तो पाणी घेतो आणि सोडतोही. त्यावर पुट्टी आणि चकचकीत इमल्शन चढवलं की सोडायची वाट बंद होते. तिथे चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी बरी.

*तपासणी:* दुरुस्तीनंतर टप्पा १ मधली लागू असलेली चाचणी पुन्हा करा. पाणी बाहेरून येत असेल तर पाइपने खालून वर, एकेका भागावर दहा-पंधरा मिनिटं पाणी मारा आणि आत कुणाला तरी बघत बसवा. एकदम वरून मारलं तर कुठून शिरलं ते कळत नाही.

## टप्पा ३: खराब झालेलं सगळं काढा

खोलीतलं सामान हलवा, जमिनीवर जुन्या चादरी घाला. एन-९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घाला.

बुरशी असेल तर ती कोरडी खरवडू नका, तिचे कण घरभर होतात. एक भाग घरगुती लिक्विड ब्लीच आणि तीन भाग पाणी स्पंजने लावा, वीस मिनिटं थांबा, स्वच्छ पाण्याने पुसा. खिडक्या उघड्या हव्यात.

*इशारा:* ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर किंवा अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

आता भिंतीवर हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकत जा. टणक आवाज आला तर गिलावा धरून आहे. बद्द आवाज आला तर सुटलाय. सुटलेल्या भागाला खडूने रेघ आखा आणि त्या रेघेच्या चार-सहा इंच पलीकडेपर्यंत छिन्नीने विटेपर्यंत काढा. इथे लोक जिवावर येऊन काम करतात. दिसतो तेवढाच पोपडा काढायचा आणि कडेचा भुसभुशीत गिलावा ठेवायचा, मग नवा तुकडा त्याच्यासकट निघतो. कडा चौकोनी आणि सरळ ठेवा. विटांमधल्या दर्जा (म्हणजे सांधे) सुमारे १० मिलिमीटर खोल खरवडा, म्हणजे नव्या मालाला पकड मिळते.

*इशारा:* स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत छिन्नी चालवताना आत वायरची किंवा पाण्याची नळी असू शकते. त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा छोटा स्विच) आधी पाडा.

विटेवर पांढरी भुकटी दिसली तर लोणा लागलाय. पाण्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागावर येऊन सुकतात, त्यांची ती भुकटी. कोरड्या ताठ ब्रशने झाडून सुपलीत गोळा करा आणि फेकून द्या. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून परत आत जातात.

*तपासणी:* झाडल्यावर आठवडाभर भिंत तशीच ठेवा. भुकटी भरपूर पुन्हा आली तर पाणी अजून येतंय. टप्पा १ वर परत जा.

खिडक्या-दारांचा जुना ऑइलपेंट खरवडणार असाल तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित ठेवण्याचा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओला वॉटरपेपर वापरा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला खोलीपासून लांब ठेवा.

## टप्पा ४: भिंत वाळू द्या

या टप्प्याला काहीच करायचं नसतं, म्हणूनच तो गाळला जातो. गिलावा काढलेली वीट उघडी ठेवा, खिडक्या उघडा, पंखा लावा. नऊ इंची भिंत पावसाळाभर भिजली असेल तर ती आठवड्यात वाळणार नाही. ऑक्टोबरच्या उन्हाने मदत होते, पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत महिना सहज लागतो. हॅलोजन लावून भाजू नका. वरून कोरडी दिसते, आतून नाही.

प्लास्टिकचा तुकडा पुन्हा चिकटवा. दोन दिवसांनी भिंतीकडची बाजू कोरडी असेल तरच पुढे.

वेळेचा हिशेब उलटा मांडून बघा: वाळायला किमान तीन-चार आठवडे, नव्या गिलाव्याला चार आठवडे, लांबी आणि रंगाला आठवडा. सप्टेंबरअखेर पाऊस थांबला तरी ही भिंत दिवाळीला तयार होत नाही. दिवाळी गाठायचीच असेल तर बाकीच्या तीन भिंती रंगवा, ही उघडी राहू द्या, पुढे पडदा लावा. डिसेंबर ते मार्च हा आतल्या कामाचा खरा काळ, आणि एप्रिल-मे बाहेरच्या दुरुस्तीचा.

## टप्पा ५: गिलाव्याचा तुकडा भरा

१ भाग सिमेंट, ४ भाग चाळलेली गिलाव्याची वाळू किंवा प्लास्टरची क्रश सँड. वॉटरप्रूफिंग द्रवाचं प्रमाण बाटलीवर वाचा. बऱ्याच द्रवांना ५० किलोच्या पोत्यामागे २०० मिली असतं, म्हणजे किलोभर सिमेंटला ४ मिली. अंदाजाने झाकणभर ओतायचं नाही. ओल असलेल्या जागी पीओपी किंवा जिप्सम चालत नाही, ते ओलीने मऊ पडतं.

१. विटांवर पाणी शिंपडा. वीट ओलसर हवी, निथळणारी नको.
२. एसबीआर लेटेक्स (पकड वाढवणारं दुधासारखं द्रव), सिमेंट आणि पाणी यांची रबडी करून विटेला आणि जुन्या गिलाव्याच्या कडांना ब्रशने चोळा.
३. रबडी चिकट असतानाच थापीने माल दाबून मारा. ती सुकली तर पकड देण्याऐवजी पकड सोडवते.
४. एका थराची जाडी १२ मिलिमीटरच्या आत. जास्त खोल असेल तर पहिला थर खरखरीत ठेवून दुसऱ्या दिवशी वरचा मारा.
५. फळीने कडेच्या जुन्या गिलाव्याशी सपाट करा, रंध्याने घोटा.

माल तासाभरात संपेल एवढाच कालवा. घमेल्यात घट्ट झालेल्या मालात पाणी घालून तो पुन्हा सैल केला तर ताकद जाते.

दुसऱ्या दिवसापासून ७ दिवस, दिवसातून तीन-चार वेळा पाणी मारा. लहान तुकडा म्हणून कंटाळा केला तर केसासारख्या भेगा पडतात. मग पुन्हा वाळणं: गिलावा मारल्यापासून २८ दिवस. नव्या सिमेंटमधला क्षार रंग खातो आणि डाग उमटवतो.

काँक्रीटचा खांब आणि विटेची भिंत जिथे भेटतात तिथली उभी सरळ भेग नुसती भरून टिकत नाही. दोन्ही साहित्यं वेगळ्या मापाने प्रसरण पावतात. भेग व्ही आकारात उघडा, ॲक्रिलिक क्रॅक फिलर भरा आणि वरून फायबरची जाळी चिकटवूनच लांबी करा.

## टप्पा ६: लांबी आणि प्राइमर

गोंधळ होतो तो इथे, कारण दुकानात दोन जातींची पुट्टी मिळते.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या गिलाव्यावर थेट जाते. गिलावा किंचित ओलसर करायचा, पुट्टी लावायची, प्राइमर तिच्यावर. जुन्या इमल्शनवर किंवा डिस्टेंपरवर ती लावलीत तर पापुद्र्यासारखी सुटते. तिथे जुना रंग पॉलिश पेपरने खडबडीत करा, प्राइमर मारा आणि ॲक्रिलिक पुट्टी वापरा, तिच्यावर पुन्हा प्राइमर. भिंतीला तळहात घासल्यावर पांढरा होत असेल तर तो जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे. तो पूर्ण उतरवल्याशिवाय काहीच लावू नका.

पुट्टीत पाणी किती, ते पिशवीवर लिहिलेलं असतं. पाण्यात पुट्टी टाकायची, पुट्टीत पाणी नाही. गुठळ्या होत नाहीत. पत्र्याने (लांबी फिरवायच्या पातीने) पातळ दोन हात, मिळून दीड मिलिमीटर. खड्डे भरायला पुट्टी नसते, खड्डा गिलाव्यानेच भरायचा.

पूर्ण सुकल्यावर आधी १८० नंबरचा, मग ३२० चा पेपर. नंतर किंचित ओल्या फडक्याने सगळी धूळ पुसा. रंग सोलून निघण्याचं, ओलीखालोखाल, हे दुसरं कारण: धूळ न पुसता मारलेला प्राइमर धुळीला चिकटतो, भिंतीला नाही.

*तपासणी:* रात्री दिवे बंद करून टॉर्च भिंतीला समांतर धरा. उंचवटे, पत्र्याच्या रेघा लगेच दिसतात. त्या आत्ताच घासा, रंगाने त्या झाकत नाहीत, उठून दिसतात.

प्राइमरचा एक हात मारून रात्रभर सुकू द्या.

## टप्पा ७: रंग

इथवर नीट झालं असेल तर हे सगळ्यात सोपं.

किती लागेल? १० × १२ फुटांची, ९.५ फूट उंच खोली: चारही भिंती ४१८ चौरस फूट. दार २१ आणि खिडकी १६ वजा केली की ३८१. डब्यावर दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट लिहिलं असेल तर सव्वातीन लिटरच्या आत. ४ लिटरचा डबा पुरतो आणि थोडा उरतो. मशीनवर मिसळून घेतलेला रंग दोन डब्यांत असेल तर दोन्ही एका बादलीत एकत्र करूनच सुरुवात करा, छटा किंचित वेगळी असू शकते.

आधी छत, मग भिंती, मग दारं-खिडक्या. कडा दोन इंची ब्रशने, आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. सगळ्या कडा आधी संपवून जेवायला गेलात तर सुकल्यावर चौकट दिसते. एका भिंतीच्या मध्यात थांबू नका. पाणी डब्यावर सांगितलं तेवढंच. "जरा जास्त पसरेल" म्हणून पातळ केलं की तिसरा हात लागतो. रंगवताना पंखा फुल ठेवू नका, डाग पडतात. दोन हातांत निदान चार तास, दमट दिवशी जास्त. मास्किंग टेप दुसरा हात पुरता सुकायच्या आत काढा.

भिंत महिनाभर ओल्या फडक्याने पुसू नका. कपाट परत लावताना बाहेरच्या भिंतीपासून तीन-चार इंच सोडा. उरलेला रंग छोट्या डब्यात काठोकाठ भरा, झाकणावर छटेचा नंबर, खोली आणि तारीख लिहा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खिडकीच्या पट्टीतली भोकं टाचणीने पुन्हा मोकळी करा आणि दुरुस्त केलेल्या तुकड्यावर प्लास्टिक दोन दिवस चिकटवून बघा.